मुलाबाळांसह आगबोटीची सहल

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींसमोर केलेले भाषण)



कार्यकारिणीच्या सभेत चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही नातवंडांना घेऊन बोटीने गोव्याला जाऊन आलात, त्यावर बोला." मी म्हटले, अहो, मी काही व्याख्याती नव्हे. कैरीच्या लोणच्यावर बोलायला सांगा, तासभर बोलेन. पण आपल्या चिटणीसबाईंना नाही म्हणण्याची कुणाची छाती आहे? तेव्हा उभी राहिले आहे. माझ्यापाशी तीन रात्रींचा अनुभव आहे आणि त्याआधी दोन महिने केलेली विचारपूस आहे. त्यातले कामाचे तेवढे सांगते.

तसे पाहिले तर बोट आपल्याला नवी नाही. आपल्यापैकी ज्यांचे माहेर कोकणातले, त्यांच्या आईआज्यांनी भाऊच्या धक्क्यावर रात्रीपासून नंबर लावलेला आहे. डेकवर वळकटी पसरायची, पितळी डब्यातल्या दशम्या खायच्या, आणि दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे मोजत जायचे. बोट धक्क्याला लागत नसे तिथे पडावात उतरायचे, तेही कडेवर मूल घेऊन. 'बोट लागणे' हा शब्दच आपल्या भाषेत त्या प्रवासाने दिला. ती बोट केव्हाच बंद झाली, आणि 1998 साली कोकण रेल्वे पुरी झाल्यावर तिची आठवण काढणारेही कमी झाले.

आता निघाल्या आहेत त्या सहलीच्या बोटी. क्रूझ म्हणतात तिला. 2018 साली मुंबई-गोवा अशी 'आंग्रिया' सुरू झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून बरेच कौतुक झाले होते. 2021 पासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा मोठ्या सहली निघू लागल्या. या बोटीत बसून कुठे पोचायचे हा मुख्य हेतूच नव्हे. बोट हेच गाव. त्यात हॉटेल, नाटकगृह, पोहण्याचा तलाव, मुलांची खोली, दवाखाना, सगळे दहाबारा मजल्यांत भरलेले. आम्ही 2024 च्या डिसेंबरात गेलो. बोटीचे नाव मी सांगणार नाही. तिची जाहिरात मला करायची नाही, आणि पुढे एक गाऱ्हाणेही येणार आहे.

बेत ठरला मुलाच्या डोक्यातून. मुलगा, सून, लेक, जावई आणि तीन नातवंडे. थोरला अकरा वर्षांचा, मधली नात आठ वर्षांची आणि धाकटा साडेतीन. सगळ्यांनी माना डोलावल्या. नाही म्हणाल्या त्या एकट्या माझ्या सासूबाई.

सासूबाई त्र्याऐंशी वर्षांच्या. माहेर रेवसच्या बाजूचे. 1947 सालच्या जुलैच्या 17 तारखेला भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' बोट रेवसला निघाली आणि वाटेतच बुडाली. आषाढी अमावास्येचे दिवस, माणसे सणाला घरी निघालेली. सहाशेंवर माणसे गेली. मुंबईला बातमी कळायला दुपार उलटली. सासूबाईंचे चुलते त्या बोटीवर होते. सासूबाई तेव्हा सहा वर्षांच्या; काकांनी पाटी आणायचे कबूल केले होते एवढेच त्यांना आठवते. त्यानंतर त्या समुद्रात घोट्यापर्यंतसुद्धा उतरल्या नाहीत. रेवसला जायचे तर पनवेल-पेणवरून, वळसा पडला तरी चालेल.

घरात मुले हसली. "आजी, ती बोट केवढी, ही केवढी!" मीही मनातून त्यांच्याच बाजूची होते, हे कबूल करते. पण आठ दिवसांनी सासूबाईच म्हणाल्या, "जा. पण माझ्या तीन अटी. पावसाळ्यात जायचे नाही. मुलांना जाकीट घालता आले पाहिजे. आणि मी बरोबर येणार."

भगिनींनो, त्या तीन अटींचे आम्ही आधी ओझे मानले. प्रत्यक्षात आमची सगळी तयारी त्यांच्यावरच उभी राहिली.

पहिली अट पावसाळ्याची. जून ते ऑगस्ट आपल्या किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो हे कोळ्याचे पोरही सांगेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस शांत. दिवाळीची आणि नाताळची सुटी त्यात येते, म्हणून तेव्हा भाडेही चढे. ज्यांची मुले अजून शाळेत जात नाहीत त्यांनी जानेवारीच्या शाळेच्या दिवसांत जावे. गर्दी कमी, तलावात जागा, आणि पैसे वाचतात. ज्यांच्याकडे तान्हे मूल आहे त्यांनी मात्र आधी नियम विचारावा. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालचे मूल घेत नाहीत, आणि गर्भवतीला चोविसाव्या आठवड्यानंतर घेत नाहीत. पैसे भरल्यावर हे कळले तर रडून उपयोग नाही.

केबिन निवडताना मुले म्हणतात, वरची द्या, दूरवर दिसते. बागेतल्या सी-सॉवर बसणारी पोरे आठवा. टोकावरची उडतात, मध्यावरची जागची हलत नाहीत. बोटीचेही तसेच. खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्याजवळची केबिन सर्वांत कमी हलते. आम्ही दोन केबिनी तशाच घेतल्या. एकीला गोल खिडकी होती, दुसरीला तीही नव्हती. बिनखिडकीची सर्वांत स्वस्त, आणि दिवा मालवला की मिट्ट काळोख. धाकटा तिथे दुपारी दोन तास झोपला, असा तो घरी कधी झोपत नाही. गॅलरीची केबिन माझ्या मते तीनचार वर्षांच्या मुलाला नकोच. घ्यायचीच असेल तर दाराची कडी मुलाचा हात पोचणार नाही अशी आहे का हे पाहावे, आणि कठड्याजवळ खुर्ची ठेवू नये. मूल खुर्चीवर चढते. ते चढतेच.

भाड्याचा आकडा सांगत नाही, कारण तो आठवड्याला बदलतो. पण एक सांगते. एका केबिनीत तिसरा-चौथा बिछाना असतो, त्याचे भाडे कमी पडते, तेव्हा मुले त्यात धरावीत. जाहिरातीतल्या आकड्यात बंदराचा आकार आणि कर धरलेले आहेत का ते विचारावे. जेवण भाड्यात येते. बाटलीतली पेये, इंटरनेट, गोव्यात उतरल्यावरची फेरी यांचे पैसे निराळे. आमच्याकडे मुलांना निघण्याआधीच सांगितले होते, रोज एकेकाला एकच बाटली. आणखी एक गोष्ट. किनारा सुटला की थोड्याच वेळात आपला फोन मुका होतो, आणि मग तो बोटीवरच्या महागड्या तारेला आपोआप जोडला जाण्याचा संभव असतो. निघतानाच फोन विमानातल्यासारखा करून ठेवावा. जावयांनी ऐकले नाही. बिल आले तेव्हा ते फार वेळ तलावाकडे बघत होते.

सामानाचे. धक्क्यावर बॅगांना चिठ्ठ्या लावून त्या घेतात आणि तासा-दोन तासांनी, कधी त्याहूनही उशिरा, केबिनीच्या दाराशी ठेवतात. मधल्या वेळात पोरे तलाव बघून नाचू लागतात आणि पोहण्याचे कपडे बॅगेत! म्हणून औषधे, आधारकार्डे, पोहण्याचे कपडे, एकेक बदलायचा जोड आणि धाकट्याची दुधाची पावडर खांद्यावरच्या पिशवीत ठेवावी. इस्त्री आणि विजेची किटली चालत नाही. आग लागण्याचे भय. घरचे खायचे बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, हेही आधी विचारून घ्यावे. मी केलेले रव्याचे लाडू धक्क्यावरच आम्ही उभ्या उभ्या वाटून खाल्ले, रांगेत पुढच्या-मागच्यांनाही दिले, आणि त्यामुळे तीन दिवसांची ओळख झाली ती निराळीच.

आता बोट लागण्याविषयी. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला सहसा बोट लागत नाही. लागते ती त्याहून मोठ्या पोरांना, दहा-बारा वर्षांपर्यंत जास्त. मळमळू लागले की पोराला आत केबिनीत निजवू नये, वर मोकळ्यावर आणावे आणि दूर, जिथे आकाश पाण्याला टेकते तिथे बघायला सांगावे. डोळ्यांना आणि कानांतल्या तोलाच्या इंद्रियाला एकच गोष्ट कळू लागली की जीव थाऱ्यावर येतो. पुस्तक आणि फोन काढून घ्यावे. पोट रिकामे नको आणि तुडुंबही नको. कोरडी बिस्किटे, आलेपाक. औषध द्यायचे तर ते निघण्याआधी, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, आणि आपल्या डॉक्टरांना वजन सांगून विचारूनच. शेजारणीने दिलेली गोळी देऊ नये. यांतले प्रोमेथाझिन नावाचे औषध दोन वर्षांखालच्या मुलाला मुळीच द्यायचे नसते. आमच्याकडे पहिल्या रात्री बोट लागली ती थोरल्याला, सारखा फोनमध्ये होता म्हणून, आणि माझ्या मुलाला. सासूबाई टुणटुणीत.

पोरांचे हात. बोटीवर हजारांवर माणसे एकाच जेवणघरात येतात, आणि एकाचे पोट बिघडले की साथ पसरते. दाराशी हाताला चोळायचे पाणी ठेवलेले असते, पण नोरोव्हायरस नावाच्या पोटाच्या जंतूवर ते फारसे चालत नाही. साबण आणि वाहते पाणीच हवे. जेवणाआधी मी तिघांनाही मोरीवर उभे करी. लोक बघत. बघू द्या.

सासूबाईंची दुसरी अट जाकिटाची. त्यांनी घरी दोन उशा घेतल्या, नाड्या लावल्या, एक छातीवर आणि एक पाठीवर, आणि रोज संध्याकाळी शुभंकरोतीनंतर पोरांकडून बांधून घ्यायला सुरुवात केली. थोरल्याने कुठूनसे शोधून काढले की बोटीवर संकटाची खूण म्हणजे सात आखूड भोंगे आणि एक लांब. मग काय, कुकरच्या शिट्ट्या पोरे मोजू लागली. सात झाल्या की धाकटा उशी घेऊन दाराशी उभा! भय शिकवायचे नव्हते, खेळ झाला होता.

'टायटॅनिक' 1912 साली बुडाली, त्यानंतर 1914 मध्ये राष्ट्रांनी मिळून समुद्रावरच्या सुरक्षिततेचे नियम केले, ते वेळोवेळी सुधारत आले आहेत. 2012 च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याशी 'कोस्टा काँकॉर्डिया' ही भली मोठी सहलीची बोट खडकाला लागून कलंडली, बत्तीस माणसे गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो उतारूंची कवायत झालेलीच नव्हती. त्यापूर्वी कवायत चोवीस तासांत केव्हाही केली तरी चालत असे. 2015 पासून नियम असा की, बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती झालीच पाहिजे. हल्ली पुष्कळ बोटींवर केबिनीतल्या टीव्हीवर चित्र दाखवतात आणि मग आपल्या नेमून दिलेल्या जागी जाऊन हजेरी द्यायची असते. बहुतेक बायका त्या वेळी बॅगा उघडत असतात किंवा चहाला गेलेल्या असतात. कृपा करून तसे करू नका.

इथे माझे गाऱ्हाणे. आमच्या केबिनीच्या कपाटात जाकिटे होती, सगळी मोठ्यांची. लहानांचे एकही नाही. आमच्या लक्षातसुद्धा आले नसते. कपाट उघडून मोजली ती सासूबाईंनी. मुलाने केबिनीच्या नोकराला सांगितले. तो हसून म्हणाला, आणतो. तास गेला. पुन्हा सांगितले. पुन्हा हसला. तेव्हा सासूबाई काठी घेऊन स्वतः खाली स्वागतकक्षात गेल्या आणि तिथल्या मुलीसमोर खुर्ची ओढून बसल्या. मराठीत म्हणाल्या, "बाळ, माझ्या पणतवंडांची जाकिटे येईपर्यंत मी इथे आहे." ती मुलगी कुठली परप्रांतातली, पण भाषा कळली. दहा मिनिटांत तीन लहान जाकिटे आली, शिट्टीसकट. सून मला हळूच म्हणाली, "आई, मला लाज वाटत होती, आता माझीच लाज वाटते." लहानांची जाकिटे बोटीवर असतात, ठेवावीच लागतात, ती आपल्या केबिनीत पोचली का एवढे पाहणे आपले काम.

बोट संध्याकाळी सुटली. कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्जचा दीपस्तंभ उजव्या हाताला राहिला. 1875 पासून तो उभा आहे. डावीकडे लांब रेवसची बाजू, पुढे खांदेरी-उंदेरी. वर तलावाशी गाणी लागली होती. सासूबाई डावीकडच्या कठड्याशी गेल्या. अंबाड्यातले फूल त्यांनी काढले तेव्हा बाजूच्या खलाशाने नम्रपणे सांगितले की बोटीवरून पाण्यात काही टाकता येत नाही. त्यांनी मान हलवली, फूल मुठीत धरून नमस्कार केला आणि काळोख पडेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मधली नात त्यांचा पदर धरून होती. तिने विचारले, "पणजी, काका कुठे?" सासूबाईंनी बोट दाखवले. मुलांपासून अशा गोष्टी लपवाव्यात असे पुष्कळांना वाटते. मला आता तसे वाटत नाही, आणि त्याला कारण दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ.

दुसरा दिवस नुसता समुद्राचा. बोटीवर रोज सकाळी कार्यक्रमपत्रिका येते, त्यात तासातासाला काही ना काही असते. जादूचे प्रयोग, नाच, चढायची भिंत, चित्रे काढणे. आमच्या मुलाने त्यातले नऊ कार्यक्रम खुणा करून ठेवले. दुपारपर्यंत पोरे चिडचिडी आणि मोठी माणसे त्याहून चिडचिडी. भगिनींनो, पोरांना दिवसात दोन गोष्टी पुरतात, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. मधला वेळ त्यांना कठड्याशी बसून पाणी बघू द्यावे. आमच्या पोरांना त्या दिवशी डॉल्फिन दिसले, ते कुठल्याच पत्रिकेत नव्हते.

तलावाचेही सांगते. पुष्कळ बोटींवर तलावाशी पोरांवर लक्ष ठेवणारा माणूस नसतो. आपणच एकाने कोरडे राहून काठावर बसायचे, पाळी लावून. लंगोट घालणाऱ्या बाळाला तलावात उतरू देत नाहीत.

त्या संध्याकाळी वरच्या डेकवर मोठा नाचाचा कार्यक्रम होता. दिवे, धूर, कर्णे. माणसांना माणसे लागलेली. मी धाकट्याला घेऊन बसले होते; लेकीला वाटले मधली माझ्यापाशी, मला वाटले लेकीपाशी. घरोघरी हे असेच होते. कार्यक्रम संपला, दिवे लागले, आणि मधली कुठेच नव्हती. आठ वर्षांची पोर, चहूकडे पाणी, रात्र. लेक कठड्याकडे धावली आणि खाली वाकून बघू लागली. ते दृश्य मी विसरणार नाही. तिच्या तोंडून आवाज निघत नव्हता. जावई एका जिन्याने, मुलगा दुसऱ्याने. फोन तर मुके.

सासूबाई मात्र म्हणाल्या, "जाकिटाच्या जागी बघा."

पाचव्या मजल्यावर, जिथे आम्ही पहिल्या दिवशी हजेरी दिली होती, त्या फलकाखाली मधली भिंतीला पाठ लावून उभी होती. रडत नव्हती, ओठ तेवढे घट्ट मिटलेले. म्हणाली, "हरवले की इथे यायचे, पणजीने सांगितले होते. मी नंबर वाचत वाचत आले. पण तुम्हीच उशीर केला." सासूबाईंनी पहिल्या रात्रीच तिघांना सांगून ठेवले होते, आम्हांला न सांगता. आम्ही जावे तिथे पंधरा मिनिटांनी पोचलो होतो.

तेव्हापासून मी प्रत्येकीला सांगते. बोटीवर चढलात की मुलांना घेऊन केबिनीपासून त्या जागेपर्यंत दोनदा चालत जा, एकदा तुम्ही पुढे आणि एकदा मूल पुढे. पुष्कळ बोटींवर मुलांच्या मनगटाला त्या जागेच्या खुणेची पट्टी बांधतात, मागून घ्या. केबिनीचा आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात. आणि मूल कुणाकडे आहे ते तोंडाने बोलायचे: "मधली माझ्याकडे." मोठ्यांच्या मनात काय आहे हे पोराला कळत नाही, दुसऱ्या मोठ्यालाही कळत नाही.

तिसऱ्या दिवशी मुरगाव बंदर. सहलीची बोट पणजीला लागत नाही, मुरगावला लागते, आणि तिथून पणजी तासाभराची वाट. चार-पाच तासांत दोन देवळे, एक चर्च आणि एक समुद्रकिनारा करायचा बेत कुणी आखला तर तो पोरांच्या जिवावर उठतो. आम्ही तरुण मंडळींना पोरांसकट जवळच्याच एका किनाऱ्यावर पाठवले. सासूबाई आणि मी बोटीवरच राहिलो. सगळे गाव उतरून गेलेले, तलाव रिकामा, चहा आयता हातात. भगिनींनो, मी चाळीस वर्षे संसार केला, पण दुपारी साडेतीनला दुसऱ्याने केलेला चहा, कुणी हाक मारणार नाही अशा जागी बसून मी त्या दिवशी प्रथम प्यायले. सहलीचा बेत आखताना सगळ्या घराचा विचार होतो. त्या बेतात बाईची एक दुपार आधीच लिहून ठेवावी. सुनेची निराळी, लेकीची निराळी. मुलांच्या खोलीत खेळवणाऱ्या मुली असतात. बहुतेक ठिकाणी तीन वर्षांवरची, लंगोट सुटलेली मुले घेतात. तिथे तासभर मूल सोडले तर पाप लागत नाही.

सासूबाईंनी त्या दुपारी मला रेवसच्या गोष्टी सांगितल्या. लग्नाला चाळीस वर्षे झाली, तरी काकांच्या पाटीची गोष्ट मला पुरी ठाऊक नव्हती. पुढे चुलतीने ती पाटी आणून दिली म्हणे, पण सासूबाईंनी तिच्यावर कधी लिहिले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मुंबईला उतरलो. बॅगा आदल्या रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळचे कपडे पिशवीत काढून ठेवायला विसरू नका. आमचे जावई रात्रीच्या लेंग्यावर उतरले.

येत्या दिवाळीत कुणी जाणार असेल तर सामानाची यादी आणि कंपनीला आधी विचारायचे प्रश्न मी वहीत उतरून ठेवले आहेत. वही ग्रंथालयाच्या कपाटात, खालच्या खणात आहे. उशांची जाकिटे हवी असतील तर आमच्याकडे या. सासूबाई दुपारी चारनंतर घरी असतात, आणि नाड्या बांधून दाखवायला त्यांना फार आवडते.